काळा बोल्ट गंजत नाही? मेसेजमधला एकेक मुद्दा बघू

ठाणे-नवी मुंबईत वागळे इस्टेटपासून रबाळे, महापे, तुर्भेपर्यंत वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय आणि आता तो सोसायट्यांच्या ग्रुपवर पण पोचलाय. थोडक्यात असा: "पांढरा झिंकचा बोल्ट घेऊ नका, काळाच घ्या. काळं कोटिंग स्टीलच्या आत मुरतं म्हणून कधीच गंजत नाही. सॉल्ट स्प्रेमध्ये ५०० तास टिकतं म्हणजे बाहेर २० वर्षं. काळं केल्यावर बोल्ट जास्त टणक होतो. आणि बाटलीतलं लिक्विड आणून हे घरी पण करता येतं."

कोटिंग होऊन आलेले पार्ट तपासणं हे माझं रोजचं काम, आणि हा मेसेज वाचून लोक टेरेसवरच्या सोलरच्या स्टँडला, एसीच्या ब्रॅकेटला, डोक्यात षटकोनी खड्डा असलेले काळे अ‍ॅलन बोल्ट लावतायत हे बघून राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी "काळं कोटिंग" असं एकच काही नसतं. बाजारात काळा दिसणारा बोल्ट ब्लॅकोडाइज (गरम रसायनात स्टीलचा पृष्ठभागच काळा करणं) केलेला असू शकतो, फॉस्फेट करून तेलात बुडवलेला असू शकतो, झिंक (जस्ताचा थर) करून वर काळं पॅसिव्हेशन (जस्ताला जपणारा रासायनिक थर) दिलेलं असू शकतं, झिंक-निकेल (जस्त-निकेलचा मिश्रधातू) असू शकतं, झिंक फ्लेक (जस्ताच्या बारीक पापुद्र्यांचा, रंगासारखा लावून भाजलेला थर) असू शकतं, नाहीतर सीईडी (करंटने बसवलेला पेंट) किंवा पावडर कोटिंग असू शकतं. दुकानात ठेवले तर सगळे काळेच, पण पावसात एक आठवड्यात लाल होणारा पण त्यात आहे आणि वर्षानुवर्षं टिकणारा पण त्यातच आहे. हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळणारा काळा अ‍ॅलन बोल्ट बहुतेक वेळा ब्लॅकोडाइज असतो, आणि मेसेजमधला सगळा घोळ त्याच्यावरूनच झालाय.

"आत मुरतं म्हणून गंजत नाही." यातला अर्धा भाग बरोबर आहे म्हणून तो पटतो. ब्लॅकोडाइजमध्ये वरून काही थर चढत नाही, कॉस्टिक (सोडा) आणि नायट्रेट-नायट्राइटच्या साधारण १४० डिग्रीच्या उकळत्या बाथमध्ये (रसायनाच्या टाकीत) स्टीलचा वरचा पापुद्राच बदलून मॅग्नेटाइट (लोखंडाचा काळा ऑक्साइड) होतो. पण तो थर असतो किती, तर साधारण १ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. झिंक प्लेटिंग ८ मायक्रॉन वगैरे असतं, सीईडी १५ ते २५, पावडर कोटिंग ६० च्या पुढे. वर हा १ मायक्रॉन सच्छिद्र असतो, म्हणून बाथमधून काढून पाण्याने धुतल्यावर पार्ट लगेच तेलात बुडवतात, ते तेल छिद्रांत बसतं आणि जो काही गंजरोध आहे तो त्या तेलाचा आहे. बिडाच्या तव्याचं जसं असतं, काळा आहे म्हणून नाही तर तेल धरलंय म्हणून गंजत नाही, साबणाने घासून ओला ठेवला की सकाळी तांबूस. बंदुकांचं ब्लूइंग पण याच जातीचं, म्हणून बंदुकीला कायम तेलाचं बोट लागतं.

झिंकचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं आणि मेसेजवाल्याने हेच सोडून दिलंय. झिंकला ओरखडा पडला तरी आजूबाजूचं झिंक आधी झिजतं आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला सांभाळून घेतं. मॅग्नेटाइट असं काही करत नाही, उलट छिद्रातून दिसणारं लोखंडच आधी गंजतं. खाडीजवळ लावलेला ब्लॅकोडाइज अ‍ॅलन बोल्ट कधी भिंगाखाली बघा: सगळा बोल्ट एकदम लाल होत नाही, आधी डोक्याच्या षटकोनी खड्ड्यात, जिथे पाणी साचतं आणि जिथे चावीने कड घासली गेलीय तिथे केशरी ठिपके येतात, मग आट्यांच्या तळाशी एक बारीक लाल रेघ धरते, आणि डोक्याचा बाहेरचा गोल भाग तोपर्यंत छान काळा दिसत असतो, म्हणून लांबून बघणाऱ्याला वाटतं बोल्ट ठणठणीत आहे.

आता ते ५०० तास. सॉल्ट स्प्रे म्हणजे बंद पेटीत ३५ डिग्रीला ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सतत सोडत राहायचं, एएसटीएम बी११७ आणि आयएसओ ९२२७ या पद्धती त्याच्याच. ५०० तासांचा आकडा खोटा नाहीये, पण तो ब्लॅकोडाइजचा नाही. गाड्या बनवणारे झिंक-निकेलच्या ड्रॉइंगवर ७२० तास पण लिहितात आणि मिळतात. ब्लॅकोडाइजचं तेल पुसून पेटीत ठेवलं तर काही तासांतच लाल होतं, चांगलं मेणयुक्त तेल असेल तर जास्त टिकतं, पण मग ती टेस्ट तेलाची झाली. म्हणजे एका काळ्या कोटिंगचा आकडा उचलून दुसऱ्या काळ्या कोटिंगला चिकटवलाय.

आणि तासांची वर्षं करणं तर अजिबात बरोबर नाही. बी११७ हे स्टँडर्ड १९३९ पासूनचं आहे आणि त्यातच लिहिलंय की ही टेस्ट एकटी घेतली तर बाहेरच्या हवेतल्या आयुष्याशी तिचा मेळ क्वचितच बसतो. पेटीत पार्ट कधी सुकत नाही, त्यावर ऊन पडत नाही. ऐरोलीच्या टेरेसवर दिवसभर ऊन, रात्री दव, खाडीकडून खारा वारा, जूनपासून चार महिने पाऊस, मध्येच उघडीप. सुकायला वेळ मिळाला की झिंकवर एक संरक्षक पापुद्रा धरतो, जो पेटीत धरायला वेळच मिळत नाही, त्यामुळे झिंक बाहेर पेटीपेक्षा चांगलं पण वागू शकतं. सॉल्ट स्प्रेचा खरा उपयोग रोजच्या कामात आहे, या आठवड्याची बॅच मागच्या बॅचसारखी आली का ते कळायला. २० वर्षं हा आकडा त्यातून निघत नाही.

"टणक होतो" हे तर उलटं वाचलंय. १२.९ ग्रेडचे (खूप जास्त ताकदीचे) अ‍ॅलन बोल्ट बहुतेक काळे येतात म्हणून लोकांना वाटतं काळेपणाने ताकद आली. ताकद येते अ‍ॅलॉय स्टील आणि हीट ट्रीटमेंटने. १२.९ चं टेम्परिंग (कडक केलेलं स्टील परत तापवणं) कमीत कमी ३८० ते ४२५ डिग्रीला होतं, तिथे १४० डिग्रीचा बाथ त्याचं काय वाढवणार? काळा बोल्ट ८.८ चा (कमी ताकदीचा) पण येतो, त्यामुळे रंग बघू नका, डोक्यावरचा आकडा वाचा.

इथे मेसेजच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. १२.९ ला साधं इलेक्ट्रो झिंक (करंटने चढवलेलं) करताना पिकलिंग (आम्लात बुडवून साफ करणं) आणि प्लेटिंगमध्ये हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो आणि बोल्ट टाइट केल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, हात न लावता, तुटू शकतो. म्हणून प्लेटिंगनंतर लगेच २०० डिग्रीच्या आसपास कित्येक तास बेकिंग करतात, किंवा मग झिंक फ्लेक वापरतात, त्यात करंट नसतो म्हणून ही भीती फार कमी. तेव्हा "१२.९ ला सरसकट झिंक मारू नका" एवढंच म्हटलं असतं तर मी पण तो मेसेज पुढे पाठवला असता.

घरी करण्याबद्दल मात्र कृपा करून ऐका. बाटलीतलं कोल्ड ब्लॅकनिंग म्हणजे ब्लॅकोडाइज नव्हेच, त्यात बहुतेक कॉपर आणि सेलेनियमची संयुगं असतात, स्टीलवर काळा थर बसतो जो बोटाने चोळला तरी कधीकधी हाताला लागतो, आणि सेलेनियम विषारी आहे, हातमोजे आणि खेळती हवा नसेल तर त्याच्या नादी लागू नका. टूलवरचा घासलेला डाग झाकायला ठीक, गंजासाठी नाही. आणि काही जण व्हिडिओ बघून पातेल्यात कॉस्टिक उकळतायत. १४० डिग्रीच्या कॉस्टिकमध्ये पाणी पडलं की ते क्षणात वाफ होऊन सगळं अंगावर उडतं, डोळा गेला तर परत येत नाही. त्यात चुकून अ‍ॅल्युमिनियमचा किंवा झिंकचा पार्ट पडला तर तो विरघळतो आणि हायड्रोजन सुटतो. हे काम प्लेटरकडेच (कोटिंग करणाऱ्या कारखान्याकडे) द्या.

ब्लॅकोडाइज वाईट आहे असं मी म्हणत नाहीये हं. मशीनच्या आत, जिग-फिक्श्चरला, टूलहोल्डरला, जिथे तेल लागतच असतं आणि माप जराही हलून चालत नाही तिथे त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. बाहेरच्या उघड्या कामाला, विशेषतः खाडीच्या पट्ट्यात, काळाच हवा असेल तर काळं झिंक फ्लेक किंवा काळं झिंक-निकेल मागा, स्ट्रक्चरला हॉट डिप (वितळलेल्या जस्तात बुडवणं) करून वर काळा पेंट.

जॉबवर्कला (बाहेरून कोटिंग करून घ्यायला) देताना चलनावर नुसतं "ब्लॅक करणे" लिहू नका. कुठलं कोटिंग, किती मायक्रॉन, वर सीलर की तेल, आणि लाल गंज येईपर्यंत सॉल्ट स्प्रेचे किती तास, एवढं लिहा. १०.९ च्या वरचा माल इलेक्ट्रोप्लेटिंगला जात असेल तर बेकिंगचं पण लिहा. ब्लॅकोडाइजचा माल परत आला की आंधळ्या (आरपार न जाणाऱ्या) भोकांच्या तोंडाशी बघा, पांढरी पूड दिसली तर नीट धुतलेलं नाही, आतलं मीठ झिरपतंय. आणि काळ्यावर लालसर झाक असेल तर तो रंगाचा शेड नाही, बहुतेक वेळा बाथ बिघडलाय, मालाची ती पेटी तशीच परत पाठवा.