मावशीला कळवलं का?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा नाहीतर सेव्ह करून ठेवा (म्हणजे कधीच वाचणार नाही, मी पण तेच करते).

परवा एका मैत्रिणीनं विचारलं की तुला ऐतिहासिक कादंबऱ्यांचं एवढं काय गं वेड, घोडे तलवारी खलिते, कंटाळा नाही येत? तेव्हा मी काहीतरी हसून टाळलं. पण खरं उत्तर असं आहे की लढायांची पानं मी कायम उडवत आले. पानिपतावर कुणाची तुकडी कुठल्या बाजूला होती ते मला आजही धड सांगता येणार नाही. मी वाचायचे ते वाड्याच्या आतलं. कोण कुणाशेजारी जेवायला बसलं, रात्री कुणी कुणाला पांघरूण घातलं, असलं.

मी सहा वर्षांची असताना आई गेली. बाबा एसटीत कंडक्टर, आठवड्यातले दोन-तीन मुक्काम बाहेर, त्यामुळं मला उचलून वाईला आत्याकडं ठेवलं. आत्यानं लग्न केलं नव्हतं, ब्लाउज शिवायची आणि वाचनालयाची मेंबर होती. पुस्तक बदलून आणायचं काम माझं. आणायचं, रस्त्यात चार पानं वाचायची, घरी तिच्या हातात द्यायचं, आणि ती मशीनवर बसली की परत आपण घ्यायचं. त्या जाड्या जाड्या कादंबऱ्यांत मला माझ्यासारख्या पोरी सापडायच्या म्हणून मी वाचत सुटले. एका घरातून उचलून दुसऱ्या घरात नेऊन ठेवलेल्या. पेशवाईतली कुठलीही बाई घ्या, आठ-नऊ-दहाव्या वर्षी अनोळखी वाड्यात आलेली. आपण 'लग्न होऊन आली' म्हणतो आणि पुढं जातो. मला तिथं पुढं जाताच यायचं नाही. पहिल्या रात्री ती पोर झोपली कुणाजवळ?

आठवीत 'स्वामी' वाचली. १९६२ची कादंबरी, आमच्या वाचनालयातल्या प्रतीला तीन वेळा बाइंडिंग केलेलं. शेवटी थेऊर, क्षय, १८ नोव्हेंबर १७७२, सत्तावीस वर्षांचे माधवराव पेशवे जातात आणि त्यांची बायको रमाबाई सती जाते. मी हमसून हमसून रडले. आत्या सुईत दोरा ओवत होती, मान वर न करता म्हणाली, एवढी रडतेस, पण तिची आई कुठं होती गं तेव्हा?

बस. तेव्हापासून मी नासले. त्यानंतर एकही ऐतिहासिक कादंबरी मला निवांत वाचता आलेली नाही.

कारण खरंच, कुठं होती? १७५८ला लग्न झालं तेव्हा माधवराव तेरा वर्षांचे, रमाबाई त्याहून लहान, मूलबाळ झालं नाही, चितेवर गेल्या तेव्हा विशीत होत्या. मधल्या चौदा वर्षांत त्या पोरीला माहेरचं कुणी भेटलं असेल, कुणाशी भांडण झालं असेल, कुणा दासीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली असेल, पण आपल्या मनात तिचं नावसुद्धा सुटं उरलेलं नाही, 'रमामाधव' असा जोडशब्द होऊन बसलाय. थेऊरला अष्टविनायकाच्या ट्रिपमध्ये नदीकाठी त्यांची समाधी बघितली तेव्हा आमच्यातल्या सगळ्या बायका हात जोडून 'काय ते प्रेम' म्हणत होत्या. मला कसंतरीच झालं. प्रेम असेलही, नाही कोण म्हणतंय. पण जिला नवऱ्याशिवाय दुसरं कुणी माणूसच लिहिलं नाही तिच्या प्रेमाचं माप आपण काढायचं कशावरून?

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या (आणि सिरीयली तर विचारूच नका) बाईचं प्रेम कायम एकाच पत्त्यावर शोधतात, नवऱ्याच्या. सासू खाष्ट, जावा कटकारस्थानी, माहेर पहिल्या प्रकरणात अक्षता टाकून गायब. सिरीयलमध्ये तर आणखी सोपं, लहानपणीची गोड पोरगी काही महिने परकर-पोलक्यात बागडते, मग येतो लीप, आणि एकदम पंचवीस वर्षांची हिरॉइन आणि मागं बासरी. म्हणजे जे दिवस त्या मुलीनं माणसं शोधण्यात घालवले असतील तेच दिवस लीपमध्ये गेले! मला तो लीपच बघायचाय हो.

आता ज्या बाईवरून ही पोस्ट लिहायला घेतली तिच्याकडं येते. आनंदीबाई जोशी, अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली.

'आनंदी गोपाळ' १९६८ची कादंबरी. चांगली आहे, मी चारदा वाचलीये, उगाच वाईट बोलणार नाही. पण नावातच बघा ना. ती जेवढी आनंदीची तेवढीच, मला विचाराल तर काकणभर जास्तच, गोपाळरावांची. तऱ्हेवाईक, हट्टी, बायकोला शिकवायचं म्हणून जिवावर उठलेला माणूस, कुठल्याही लेखकाला असला माणूस सोडवणार नाही. २०१९च्या सिनेमातही तेच, गाडी शेवटी नवरा-बायकोच्या स्टेशनावरच येऊन थांबते.

आणि खरी हकिकत काय? कल्याणची यमुना, नऊ वर्षांची, लग्न झालं पोस्टात नोकरी करणाऱ्या, जवळजवळ वीस वर्षांनी मोठ्या बिजवराशी. आनंदी हे नावही त्यानं दिलेलं. तिनंच सांगून ठेवलंय की आई तिच्याशी कधी मायेनं बोलली नाही, मारायची ती काठीनं, दगडानं, पेटत्या कोळशानं. म्हणजे माहेर हे असं. सासरी नवरा अभ्यासासाठी मारायचा. पुढं अमेरिकेतून तिनं नवऱ्याला पत्र लिहिलं त्यात हिशोबच मांडलाय, दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांचा मार, मग खुर्च्या आणि पुस्तकं अंगावर फेकणं, सोडून जायच्या धमक्या. आणि गंमत (गंमत कसली) म्हणजे वर हेही म्हणते की तुम्ही माझ्याशी वागलात ते चांगलं की वाईट हे मला ठरवता येत नाही. कारण डॉक्टर तर ती त्याच्यामुळंच होणार होती. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलगा झाला, दहा दिवसांत गेला.

या सगळ्यात प्रेम कुठून आलं माहितीये? डेंटिस्टकडून. खरंच. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं, ते तिकडच्या मिशनरी मासिकात छापून आलं, आणि न्यू जर्सीत रोझेल गावात राहणारी थिओडिशिया कार्पेंटर नावाची बाई दाताच्या डॉक्टरकडं नंबर लागायची वाट बघत बसली होती तिच्या हातात ते मासिक पडलं. मासिक चाळायचं, खाली ठेवायचं आणि दात काढून घरी जायचं, कुणीही हेच केलं असतं. या बाईनं १८८०मध्ये त्या न बघितलेल्या पंधरा वर्षांच्या पोरीला पत्र लिहिलं. मग तीन वर्षं पत्रं. त्या पत्रांतच ही पोर तिला मावशी मानायला लागली, अजून भेट नाही, काही नाही.

एप्रिल १८८३ला कलकत्त्याहून बोटीत बसली, नवरा सोबत नाही, जूनमध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली. अठरा वर्षांची. उतरवून घ्यायला मावशी. मला तो धक्का डोळ्यासमोर आणायला फार आवडतं. ज्या पोरीला आईनं जवळ घेतलं नाही ती एका सर्वस्वी परक्या बाईला गर्दीत शोधतीये. ही लव्ह स्टोरी नाही तर काय आहे? ११ मार्च १८८६ला डॉक्टरकीची पदवी. तोवर क्षयानं धरलेलं. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेली, बावीस पूर्ण व्हायला महिना बाकी.

आमच्या वाचनालयातल्या 'आनंदी गोपाळ'च्या प्रतीत ती जाते त्या पानावर, कडेला, पेन्सिलनं, बारीक तिरप्या अक्षरात कुणीतरी लिहून ठेवलं होतं, 'मावशीला कळवलं का?' कुणाचं अक्षर होतं देव जाणे. आमच्या गावात माझ्याआधी कुणीतरी बाई (बाईच असणार, पैज लावते) ते पुस्तक वाचत होती आणि डोळे पुसून झाल्यावर तिला पहिला प्रश्न हा पडला होता. गोपाळरावांचं काय झालं असेल, हा नाही. मावशीला कळवलं का. मी ते खोडू नये म्हणून खोडरबर असलेली पेन्सिलसुद्धा त्या पुस्तकाजवळ नेली नाही.

कळवलं होतं. नुसतं कळवलं नाही, तिची रक्षा मावशीकडं पाठवली. आणि पाठवली कुणी, तर गोपाळरावांनीच. इथं मात्र मी त्या माणसाला नमस्कार करते. आयुष्यभर तिला ओढत-फरपटत नेलं पण शेवटी तिचं घर कुठलं हे त्यालाच बरोबर कळलं होतं.

मी सध्या न्यू जर्सीतच, एडिसनला राहते. रोझेल इथून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ओक ट्री रोडला भाजी आणायला जाताना डोक्यात येऊ शकतं इतकं जवळ, आणि मला इथं येऊन दोन वर्षं झाली तरी ते डोक्यात आलं नव्हतं हे माझं कर्तृत्व. गेल्या ऑक्टोबरात मात्र आम्ही न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला गेलो, तिथल्या स्मशानभूमीत तिचा दगड आहे. नवरा पोराला घेऊन गाडीत बसला, पोर झोपलेलं. मी एकटीच पानं तुडवत गेले. फार मोठं काही नाही, समाधी-बिमाधी नाही. नाव, एम.डी., १८६५ आणि १८८७, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाचा मजकूर. जोशी हे स्पेलिंगमध्ये शेवटी दोन ई लावून. मी त्या दोन ईंवरून बोट फिरवलं, का ते माहीत नाही.

आत्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं रात्र झालेली, चष्मा शोधण्यात तिची दोन मिनिटं गेली. दगड दाखवला. म्हणाली, वाचता येत नाही गं, हलवू नको. मग म्हणाली, कुणाच्यात आहे ती? म्हटलं, मावशीच्या घरच्यांच्यात. म्हणाली, मग बरंय.

लग्गेच कमेंट येणार मला माहितीये, की आजचे विचार तेव्हाच्या बायकांवर लादू नका, तेव्हा नवरा हेच सर्वस्व होतं. आणि दुसरी कमेंट, की बायकाच बायकांच्या शत्रू. दुसरीचं आधी. हो, असायच्या. रमाबाई रानड्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१०मध्ये छापल्या त्यात आहेच की, अकराव्या वर्षी एकतीस वर्षांच्या न्यायमूर्तींशी लग्न, आणि शिकते म्हणून घरातल्या बायकांनी दिलेला त्रास. मी काय सगळ्या बायका माऊली होत्या असं म्हणत नाहीये. पण त्रास सविस्तर लिहायचा आणि माया लीपमध्ये घालवायची, हे कुठल्या हिशोबात बसतं? आणि पहिलीचं उत्तर, आनंदीची पत्रं आजची नाहीत, तिचीच आहेत. मी कुठं काय लादलं.

पेशवाईत तर असा एक प्रसंग नुसता पडून आहे. १७७३च्या ऑगस्टच्या शेवटी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आपली सगळी अक्कल त्या 'ध चा मा'मध्ये खर्च होते. पण नारायणराव अठरा वर्षांचे होते आणि त्यांची बायको गंगाबाई गरोदर होती. पुढच्या जानेवारीत तिला पुरंदरावर नेऊन ठेवली, राजकारण करणारे सगळे पुरुष, म्हणजे बारभाई, तिच्या पोटाकडं डोळे लावून बसलेले, कारण मुलगा झाला तर पेशवाई. आणि सोबतीला कोण पाठवली? पार्वतीबाई. सदाशिवराव भाऊसाहेबांची बायको. जिचा नवरा तेरा वर्षांपूर्वी पानिपतावरून परतला नव्हता आणि जिनं तो गेलाय हे मानलंच नव्हतं, कुंकू पुसलं नव्हतं.

जरा थांबून बघा हे चित्र. एक पोर, जिचा नवरा घरातच मारलाय आणि तो गेलाय याबद्दल शंकेला जागाच नाही. आणि एक बाई, जिचं सगळं आयुष्य त्या एका शंकेवर उभं. एकीचं कपाळ पांढरं, एकीचं लाल. दोघी एका गडावर, तीन महिने, कडक उन्हाळा लागलेला. १८ एप्रिल १७७४ला मुलगा झाला, चाळीस दिवसांचा असताना पेशवा झाला. १७७७मध्ये गंगाबाई गेली, तेव्हा तो तीन वर्षांचा. त्याच्याजवळ पार्वतीबाई होत्या, १७८३ला त्या गेल्या तोपर्यंत.

काय बोलल्या असतील त्या दोघी? पहाटे कळा सुरू झाल्यावर तिनं कुणाचा हात धरला? पार्वतीबाईंनी ते बाळ पहिल्यांदा घेतलं तेव्हा गंगाबाईला बरं वाटलं की पोटात कालवलं?

मला ही कादंबरी हवीये. सातशे पानी असली तरी चालेल, विकत घेईन, इथं मागवायला शिपिंग पुस्तकापेक्षा जास्त पडतं तरी घेईन, आत्यासाठी वेगळी प्रत घेईन. बारभाईंना फार तर दोन प्रकरणं द्या. फक्त कव्हरवर घोडा नको.