पालच्या खंडोबाचं लग्न रोज लागत नाही

‘पालला खंडोबाचं लग्न रोज लागतं, हजार रुपये भरून जोडीनं बसता येतं’ असा मेसेज कराड-साताऱ्याच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे. कृपया पुढे पाठवू नका.

पाल इथलं खंडोबा-म्हाळसेचं लग्न वर्षातून एकदाच, पौषात, गोरज मुहूर्तावर लागतं. त्याला तिकीट नसतं. तारळीकाठी उभं राहायचं, ‘यळकोट यळकोट जय मल्हार’ म्हणत भंडारा-खोबरं उधळायचं, हाच आपला सहभाग. परतताना भुवयांपर्यंत माणूस पिवळा झालेला असतो, आणि सदऱ्याच्या खिशातून दोन दिवस खोबऱ्याचे तुकडे निघतात.

मेसेजमधलं वर्णन तिरुमलाच्या कल्याणोत्सवाचं आहे. तिथे श्रीदेवी-भूदेवींसह मलयप्पा स्वामींचा, म्हणजे बालाजींच्या उत्सवमूर्तीचा, विवाह काही सणांचे दिवस सोडून रोज होतो. तिकीट हजाराचं, दोघांना मिळून. ते देवस्थानच्या अधिकृत संकेतस्थळावर काही महिने आधीच निघतं. पुरुषांना धोतर किंवा कुर्ता-पायजमा, बायकांना साडी किंवा ओढणीसह चुडीदार. संकल्पात आपलं गोत्र उच्चारायचं असतं, तेवढं घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून जा.

पालच्या नावानं कुणी पैसे मागितले, तर देऊ नका.