नागोया नाही?

बँकेतल्या त्या मॅडमवर माझा अजून राग आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी मधूनमधून हसणार आहे आणि त्यावरून कुणाला वाटायला नको की मी सगळं विसरले.

मार्चअखेरीस मी आणि नवरा जपानला निघालोय. दोन आठवडे, दोघंच, आणि दोघांचीही पहिलीच खेप. टूर कंपनी नाही, पुढे झेंडी घेऊन पळणारा माणूस नाही, बसमध्ये माइकवरून विनोद नाहीत. व्हिसाच्या कागदांत सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट होतं, आणि त्यापुढे लिहिलेलं: बँकेच्या शिक्क्यासह. जे स्टेटमेंट मला घरबसल्या फोनवर मिळतं, त्यावर एक गोल निळा ठसा उमटवून घ्यायला मी अर्धी रजा टाकून शाखेत गेले. नवराही आला. सोबत म्हणून.

मॅडमनी कागद माझ्या हातातून घेतले आणि बोलल्या त्याच्याशी. "सर, कशाला हवंय?" सर म्हणाले, व्हिसाला. "कुठला?" सर म्हणाले, जपान. खातं माझं. त्यात येतो तो पगार माझा. अर्जावर सही माझी. पण मी तिथे बहुतेक फायलीबरोबर आले असावे. मग मॅडमनी शेवटचं पान काढलं, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, शिल्लक रक्कम पैशांसकट मोठ्यांदा वाचली, आणि अगदी निर्मळ मनाने विचारलं, "एवढ्यात होतं का हो जपान?"

पासबुक छापायचं मशीन बंद होतं. त्यामुळे शाखेत गर्दी भरपूर आणि कुणालाच काही उद्योग नाही.

"होतं की!" मागून आवाज आला. "नाही झालं तर केळी खायची."

मागे एक काका. इस्त्रीचा अर्धबाही शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात रबरबँड घातलेली पासबुकं. पहिल्या मिनिटात आम्हाला कळलं की १९८४ साली पिंपरीच्या एका कारखान्याने त्यांना तीन महिने नागोयाला ट्रेनिंगला पाठवलं होतं. दुसऱ्या मिनिटात कळलं की तीन महिने ते केळी, दूध आणि घरून नेलेल्या मेतकुटावर जगले. "तेव्हा शंभर येनला चार-पाच रुपये पडायचे," ते म्हणाले. आता साठच्या आसपास पडतात. हा फरक आम्हीच घडवून आणला असावा, अशा नजरेने त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "बघू प्लॅन," म्हणाले.

प्लॅन फायलीत वरच होता, कारण जपानच्या व्हिसाला तो लागतो. साधा नाही, तारीखवार. कुठल्या तारखेला कुठे जाणार, काय बघणार, रात्री कुठे झोपणार आणि त्या हॉटेलचा फोन नंबर काय. म्हणजे व्हिसा मिळेल की नाही हे ठाऊक नाही, पण एप्रिलच्या एका बुधवारी आपण कुठल्या देवळात असू हे आज सांगायचं. आमच्या लग्नाचं केटरिंगसुद्धा इतक्या तपशिलात ठरलं नव्हतं. हे पत्रक नवऱ्याचं बाळ आहे. त्याने एक्सेलमध्ये केलंय, शहरागणिक वेगळा रंग, आणि एक रकाना आहे ‘पाऊस पडल्यास’. मी फक्त म्हटलं होतं की चेरीचा बहर बघू या. त्यावर त्याने टोकियोत तो साधारण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भरात येतो, क्योटोत त्याच्या आगेमागे, आणि एप्रिलच्या शेवटापासून त्यांचा सुट्ट्यांचा ‘गोल्डन वीक’ लागतो तो काही केल्या टाळायचा, असं एक स्वतंत्र पान करून दाखवलं. फुलं बघायला निघालेल्या बाईला वाटावं की आपण मोहिमेवर निघालोय.

काकांनी पत्रक हातात घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्यांदा. त्या शाखेत कुणालाच मनात वाचता येत नाही. "टोकियो, टोकियो, टोकियो, टोकियो. किती ते टोकियो! हाकोने. क्योटो. क्योटो. नारा. कोयासान. हिरोशिमा. मियाजिमा. ओसाका." मग त्यांनी कागद उलटा केला. मागे कोरं होतं. परत सुलटा केला.

"नागोया?"

"नाही काका."

"नागोया नाही?"

लग्नपत्रिकेत सख्ख्या मामाचं नाव राहिलंय हे कळल्यावर माणूस जसा विचारेल, तसं ते विचारणं होतं. राग नव्हता. आधी अविश्वास, मग दुःख.

"टोकियोहून क्योटोला कसे जाणार?"

"शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने," नवरा म्हणाला.

"मध्ये काय लागतं?"

"नागोया."

"थांबते?"

"थांबते."

"मग उतरायला काय होतं?"

नवऱ्याच्या एक्सेलमध्ये या प्रश्नाला रकाना नव्हता. टोकियोहून निघालेली नोझोमी नावाची वेगवान शिंकान्सेन पावणेदोन तासांच्या आत नागोयाला पोचते, दारं उघडतात, आणि लाखो पर्यटक न उतरता पुढे जातात. काकांच्या दृष्टीने हा गेल्या चाळीस वर्षांतला अन्याय होता.

"किल्ला आहे तिथला," त्यांनी शाखेला सांगितलं. "वर दोन सोन्याचे मासे. आत लिफ्ट. मी वरपर्यंत गेलोय."

इथे नवऱ्याने गप्प बसायला हवं होतं. पण त्याने सहा महिने इंटरनेट वाचलंय आणि ते कुठेतरी बाहेर पडणारच. "काका, तो मुख्य बुरूज २०१८ पासून बंद आहे. मूळचा १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. १९५९मध्ये काँक्रीटचा बांधला, आणि आता तो भूकंपात टिकायचा नाही म्हणून आत सोडत नाहीत."

"कोण म्हणतं?"

"त्यांच्याच वेबसाइटवर आहे."

"अहो, मी स्वतः आत गेलोय!"

यावर काय बोलणार? काकांच्या जपानमध्ये अजून १९८४ चालू आहे. तिथे शिंकान्सेन २१०च्या वेगाने धावते, लिफ्ट वर जाते, आणि फोरमन रोज सकाळी सगळ्यांकडून व्यायाम करून घेतो. खरं सांगायचं तर आमच्या पत्रकापेक्षा तो देश मला जास्त खरा वाटला. निदान तिथे कुणीतरी जाऊन आलं होतं.

एव्हाना आमची सहल सार्वजनिक झाली होती. पैसे काढायची स्लिप हातात धरलेल्या एका काकूंनी विचारलं, "क्योटोला काय?" मी म्हटलं, देवळं, बागा. "जपानी बाग तर सिंहगड रोडला आहे." आहे, बरोबर आहे. पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. आणि हिरोशिमाला जाताना आमची गाडी ओकायामावरूनही जाणार आहे, तिथेही आम्ही उतरणार नाही. हे मी काकांना सांगितलं नाही. "नाराला?" हरणं, मोकळी फिरतात, बिस्किटासाठी मान लववतात. "कात्रजला हरणं आहेत." हाकोनेला? गरम पाण्याची कुंडं. "वज्रेश्वरी," दोघं एकदम म्हणाले. दारावरचा सुरक्षारक्षक इतका वेळ गप्प होता, तो म्हणाला, "बुलेट ट्रेन तर आता मुंबईलाच येतीये. थोडं थांबायचं."

मला तेव्हा हसू आलं. रात्री भांडी लावताना मात्र आलं नाही. याच काउंटरवर मी गाडीचं कर्ज मागायला गेले असते तर मॅडमनी खुर्ची दिली असती. फ्लॅट घेतला तर पेढे मागतात, सोनं घेतलं तर डिझाइन विचारतात. चाळिशीतली बाई स्वतःच्या पैशाने दोन आठवडे कुठे जाते म्हटलं की सगळ्यांना ‘कशाला’ आठवतं. आणि ‘कशाला’ विचारणाऱ्यांत बँक एकटी नाही. परत येणार याचा पुरावा द्या, नोकरीचा दाखला द्या, आयकराची विवरणपत्रं द्या. जपानी माणूस मात्र आपल्या ठरावीक विमानतळांवर उतरून तिथल्या तिथे व्हिसा घेऊ शकतो. त्याच्याकडे कुणी त्याच्या सासूबाईंचा विरोध आहे का, हे विचारत नाही. माझ्या सासूबाईंचा आहे. त्या म्हणाल्या, "युरोप झालं नाही अजून, आधी जपान?" जणू सिलॅबस आहे.

असो. तर काका म्हणाले, "पास काढलात का रेल्वेचा? पास काढा."

हे त्यांनी विचारायला नको होतं, कारण पास हा आमच्या घरातला पेटता विषय आहे. चौदा दिवसांचा रेल्वे पास पूर्वी ४७,२५० येनना मिळायचा. ऑक्टोबर २०२३मध्ये तो एका झटक्यात ८०,००० झाला. टोकियो ते क्योटो एकेरी तिकीट साधारण १४ हजार येन. त्यामुळे आमच्या मार्गाला पास परवडत नाही, असं नवऱ्याचं गणित. माझं म्हणणं, पास असला की प्रत्येक तिकिटाला तुझं गणित ऐकावं लागणार नाही, त्याची किंमत धर. ती धरायला तो तयार नाही. हा वाद त्याने काकांपुढे मांडला. काकांनी तो काकूंपुढे. काकू म्हणाल्या, "त्यांचं ऐका, त्यांनी अभ्यास केलाय." मी तिथेच उभी होते, अजून.

मग जेवण. मी शाकाहारी, नवरा सगळं खातो आणि त्यामुळे या विषयात त्याला काडीचा रस नाही. जपानमध्ये भाज्या, टोफू, नूडल्स असं सगळं दिसतं साजूक, पण खाली दाशी नावाचं पातळ सार असतं, आणि दाशीत बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाचे काप उकळलेले असतात. मिसो सूपमध्ये ती, उदोन नूडल्सच्या रश्शात ती, भाज्यांच्या टेंपुराबरोबर, म्हणजे भज्यांबरोबर, देतात त्या चटकदार पाण्यातही तीच. म्हणून आमच्या यादीत कोयासान आहे. नवव्या शतकात कुकाई नावाच्या भिक्षूने वसवलेला डोंगरावरचा मठ. तिथल्या मंदिरांत मुक्काम करता येतो आणि जेवण असं की मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. नवरा याला आध्यात्मिक अनुभव म्हणतो. मी त्याला चातुर्मास म्हणते. पण एक वेळ तरी ताटाकडे संशयाने न बघता जेवता येईल. बाकी दिवसांसाठी काकांची केळी आहेतच. इंटरनेटवरच्या सगळ्या सल्ल्यांत सर्वांत खात्रीचा सल्ला मला रांगेत, फुकट मिळाला हे कबूल करायला हवं.

शेवटी शिक्का बसला. मॅडमनी तो इतक्या प्रेमाने आणि इतकी शाई लावून मारला की बरोबर शिल्लक रकमेवर पडला. आता तो आकडा जपानच्या अधिकाऱ्यांना वाचता येणार नाही. शाखेतल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. दुसरी प्रत मागितली तर म्हणाल्या, "सर, चालतं हो एवढं." सर म्हणाले, "हो हो, थँक यू." गाडीत मी सरांशी बोलले नाही.

पण गाडीपर्यंत पोचायच्या आधी काकांनी गाठलं. पासबुकाच्या प्लास्टिकमधून त्यांनी एक पिवळट कार्ड काढलं. त्यांच्या फोरमनचा पत्ता. "याला भाकरवडी द्यायची. मी ओकिनी असं काहीतरी म्हणायचो, तो हसायचा. तुम्ही जाताच आहात."

पत्त्यातला पिन कोड तीन आकडी होता. जपानमध्ये १९९८पासून तो सात आकडी आहे, हे अर्थातच नवऱ्याला माहीत होतं आणि अर्थातच त्याने सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं नाही. मी हळूच विचारलं, "काका, ते तेव्हा किती वर्षांचे होते?"

"असेल पन्नाशीचा."

मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे पाहिलं. काकांच्या ते लक्षात आलं. "अहो, जपानी माणूस आहे तो," ते म्हणाले. "कारखान्यात तीन महिन्यांत एकदाही शिंकला नाही." बरं, शंभरी ओलांडलेले ९५ हजारांहून जास्त लोक आहेत त्या देशात. मग नव्वदी ओलांडलेला एक नागोयात भाकरवडीची वाट बघत नसेलच, असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

तर आता पत्रकात नागोया आहे. करड्या रंगात, कारण बाकीचे रंग संपले होते. त्यासाठी ओसाकाचा अर्धा दिवस गेला, कोयासानला मी हात लावू दिला नाही. भाकरवडी पाव किलो न्यायची की अर्धा, यावर एक छोटी चकमक होऊन अर्ध्यावर तह झाला, पाव किलो आमच्यासाठी. व्हिसाच्या फॉर्मवर त्या तारखेपुढे काय लिहायचं ते मात्र अजून ठरत नाहीये. नवरा म्हणतो, ‘नागोयाचा किल्ला’ लिहून टाक. मी म्हणते, तो बंद आहे हे तुझ्याआधी त्यांना माहीत असणार.