धाडसाचं पदक आणि कपाटातलं किट

२०१७ साली वॉशिंग्टनमध्ये अफगाणिस्तानच्या शाळकरी मुलींना रोबोटिक्स स्पर्धेत 'धाडसी कामगिरी'साठी रौप्यपदक मिळालं, तेव्हा सगळ्यांनाच भरून आलं होतं. मलाही. पण ते पदक मला आजही खटकतं.

स्पर्धा होती फर्स्ट ग्लोबल चॅलेंज. दर देशाचा एक संघ, दीडशेच्या वर देश. स्पर्धेचंच ते पहिलं वर्ष, म्हणजे तसे सगळेच नवखे. हेरातच्या या सहा मुली व्हिसासाठी दोनदा काबूलला गेल्या, एकेक खेप सुमारे ८०० किलोमीटरची, आणि दोन्ही वेळा नकार घेऊन परतल्या. शेवटी ट्रम्प यांनी मध्ये पडून परवानगी मिळवून दिली. जगभर बातमी झाली ती याची.

खोक्याची गोष्ट मात्र बातमीत तळाशी गेली. या स्पर्धेत प्रत्येक देशाला रोबो जोडायच्या सुट्या भागांचं सारखंच किट पाठवतात. इतरांना ते मार्चमध्ये मिळालं. यांचं खोकं कस्टम्समध्ये महिनोन्महिने पडून राहिलं, कारण काय तर इसिसवाले लढाईत रोबो वापरतात ही धास्ती! ते हातात आलं तेव्हा जुलै तोंडावर होता.

खेळ ऐकायला सोपा. निळे चेंडू म्हणजे स्वच्छ पाणी, केशरी म्हणजे दूषित. रोबोने ते वेगळे करायचे. तीन देश एका बाजूला, तीन दुसऱ्या, अडीच मिनिटांचा सामना. पण ज्यांनी असं काही जोडलंय त्यांना विचारा. टेबलावर रोबो छान चालतो. मैदानात एक चेंडू कोपऱ्यात अडकला की मोटर गरम होते, बॅटरी थोडी उतरली की गाडी एका बाजूला ओढायला लागते, आणि दुसऱ्या रोबोचा धक्का बसला की नेमकी तीच वायर निसटते जी काल घाईत खोचली होती. हे कुठल्याही पुस्तकात वाचून कळत नाही. शंभरदा चालवून, पाडून, उघडून कळतं. नवख्या संघाकडे नसतात ते हे तास. बुद्धी असते, हौस तर ओसंडून वाहत असते.

याचा पुरावा खुद्द अमेरिकेत आहे. डीन केमन यांच्या फर्स्ट संस्थेची तिथली हायस्कूलची मोठी स्पर्धा आहे. तिच्यात अनेक वर्षं नियम होता, की सहा आठवडे संपले की रोबो पिशवीत घालून सील करायचा. हेतू चांगला, सगळ्यांना सारखा वेळ. झालं काय? पैसेवाले संघ तसाच दुसरा रोबो बनवून त्यावर सराव करत राहिले, आणि नवख्यांचा एकुलता एक रोबो पिशवीत. २०२०च्या हंगामापासून तो नियमच काढून टाकला. मला वाटतं, फार उशिरा.

त्याच २०१७च्या स्पर्धेत भारताकडून मुंबईची मुलं गेली होती. त्यांनी अभियांत्रिकी डिझाइनचं सुवर्ण आणि सामन्यांतलं कांस्य आणलं. मनापासून कौतुक. पण हेरातच्या मुलींना तेवढेच महिने मिळाले असते तर? २०२०मध्ये याच अफगाण मुलींच्या संघाने टोयोटा कोरोलाचे सुटे भाग वापरून व्हेंटिलेटर उभा केला. सरकारी कार्यालयांनी त्यांचा वेळ खाल्ला आणि स्पर्धेने भरपाई म्हणून धाडसाचं पदक दिलं, असंच मला ते दिसतं.

आता आपल्याकडे या. अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः यंत्रं जोडून बघायची शाळेतली प्रयोगशाळा, ही केंद्र सरकारची योजना. तिच्यासाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, देशभरात अशा १०,००० लॅब झाल्या. चांगलीच योजना आहे. मी अधूनमधून शाळांत मुलांना सोल्डरिंग आणि वायरिंग दाखवायला जातो. (मानधन म्हणजे चहा आणि पार्ले-जी, तक्रार नाही.) एका शाळेत, नाव सांगत नाही, किट काचेच्या कपाटात, प्लास्टिकसकट. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, हे सुटं करून बघू?" मी हो म्हणायच्या आत मागून तिथल्या बाईंचा आवाज आला, "हात नको लावूस गं, बिघडलं तर कोण भरणार?"

त्या बाईंवर मला राग नाही आला. त्यांचंही बरोबर आहे. वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायमच्या मालमत्तेच्या वहीत, चढलेली. ऑडिटला एक सर्वो मोटर कमी निघाली तर उत्तर द्यायला त्याच उभ्या राहणार. निर्लेखन, म्हणजे मोडकी वस्तू वहीतून कमी करायची, तर इतके कागद, की त्यापेक्षा कुलूप सोपं. म्हणजे हेरातचं खोकं कस्टम्सने अडवलं, आपलं आपणच अडवतो. मग हीच मुलं जिल्ह्याच्या स्पर्धेत जातात, शहरातल्या महागड्या क्लासची मुलं पॉलिश केलेला रोबो घेऊन समोर येतात (किती मुलांनी बनवला आणि किती क्लासच्या दादाने, ते जाऊ द्या), आणि परीक्षक आपल्यांना म्हणतात, "ग्रामीण भागातून आलात, हेच केवढं धाडस!"

माझी मागणी साधी आहे. लॅबचं सुटं सामान खडूसारखं वापरून संपणारं धरा, डेडस्टॉकमध्ये चढवू नका. जळलेली मोटर मुख्याध्यापकांच्या एका सहीने रजिस्टरमधून उतरली पाहिजे. आणि शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास कपाट उघडं. शाळा व्यवस्थापन समितीत कुणी ओळखीचं असेल तर पुढच्या बैठकीत एवढंच विचारा, की चावी कुणाकडे असते आणि गेल्या वर्षभरात किती मोटरी जळल्या. उत्तर 'एकही नाही' आलं तर मला कळवा, मी येतो शिकवायला.