पंगत उठल्यावर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया झोंबली, म्हणून दोन ओळींत 'धन्यवाद' म्हणून सुटत नाही, सविस्तर लिहिते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात : गौरीच्या जेवणावरच्या लेखात मी लिहिलं होतं की २०२४ च्या लोकसभेच्या वेळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतकी जुंपली की काका (माझे चुलत सासरे) ग्रुप सोडून गेले. तेव्हापासून पंगतीत राजकारण काढायचं नाही असं ठरलं. त्यावर तुमचं म्हणणं असं की हे मूग गिळून बसणं झालं, अशा गप्प बसण्याचा फायदा नेहमी घरातल्या मोठ्यांनाच होतो आणि 'आगरकरांच्या पुण्यात राहून असं लिहिताना काही वाटत नाही का?'

समाजसुधारक आगरकरांपासूनच सुरू करते, पुण्यात कुठलाही वाद शेवटी तिथेच जातो. टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते आणि तिथेही त्यांच्या चर्चा रात्री उशिरापर्यंत चालायच्या. आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी' सोडला, पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला आणि मग दोघांनी एकमेकांना छापून धुतलं. १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. १८९५ मध्ये आगरकर गेले तेव्हा 'केसरी'त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच. उदाहरण थोर आहे, पण आमच्या कामाचं नाही. सोसायटीचा राजीनामा देता येतो, काकांचा कसा देणार?

मला जास्त जवळचं वाटतं ते पुण्यातल्याच पंचहौद या ख्रिस्ती मिशनचं प्रकरण. ऑक्टोबर १८९० मध्ये तिथे व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी कप नुसता बाजूला ठेवला. गोपाळराव जोशांनी सगळ्यांची नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं. रानडे आणि टिळक, दोघंही त्या यादीत. रानड्यांनी प्रायश्चित्त घ्यायचं टाळलं होतं, शेवटी १८९२ मध्ये घेतलं, ते मित्रांच्या घरची कोंडी सुटावी म्हणून. सुधारकांनी त्यांच्यावर तोंडसुख घेतलं. खुद्द त्यांच्या पत्नी रमाबाईंनाही ते रुचलं नव्हतं. मला रमाबाईंचं पटतं, पण रानड्यांना भित्रे म्हणायची माझी छाती नाही. बहिष्कार पडलेल्या घराची झळ चहा पिणाऱ्याला कमी आणि घरातल्या लेकीसुनांना जास्त लागते.

मी जी रेघ ओढू पाहते ती इथे आहे. दिल्लीत कोण बसावं यावर काकांचं आणि माझं या जन्मी जमणार नाही. जेवताना तो विषय निघाला नाही म्हणून दिल्लीचं काही अडत नाही. पण जी गोष्ट समोर पानावर बसलेल्या माणसाबद्दल आहे, ती 'नंतर बघू' म्हणून झाकता येत नाही.

आमच्याकडे खड्यांच्या गौरी. माझ्या सासूबाईंच्या वेळी खडे नदीवरून आणायचे, आता सोसायटीच्या बागेतल्या नळावरून आणतात. खडे आणणारीने वाटेत बोलायचं नसतं (गप्प बसण्यावर तुमचा राग आहे म्हणून मुद्दाम सांगते). हा मान वर्षानुवर्षं माझ्या धाकट्या जावेचा. तिचा नवरा, माझे धाकटे दीर, वारले त्यानंतरच्या भाद्रपदात ताम्हन कुणाच्या हातात द्यायचं, हा प्रश्न दारातच उभा राहिला. सासूबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "या वर्षी राहू दे." माझे मोठे दीर, ज्यांना आगरकरांचे उतारे पाठ आहेत, ते म्हणाले, "आईला कशाला दुखवायचं?" नणंदेची मुलगी म्हणाली, "मामी नाही तर मी पाटसुद्धा मांडणार नाही." आणि काका, ज्यांचे फॉरवर्ड वाचून माझं डोकं उठतं ते काका, खुर्चीतून उठले, ताम्हन जावेच्या हातात दिलं आणि म्हणाले, "जा, उन्हं कलायच्या आत आण."

ती गेली, खडे घेऊन आली. सासूबाईंना ते पटलेलं नव्हतं, आजही नाही. त्या दिवशी त्या घावन-घाटल्याला हात न लावता उठल्या. दुसऱ्या वर्षी मात्र ताम्हन त्यांनीच घासून ठेवलं होतं. त्यांचं मत बदललं असा अर्थ मी यातून काढत नाही आणि त्यांना विचारलेलंही नाही.

म्हणून तुमचा दुसरा मुद्दा मला अर्धाच मान्य आहे. गप्प बसण्याचा फायदा मोठ्यांना होतो हे खरं, पण ते कोणत्या विषयावर गप्प बसता त्यावर आहे. राजकारणाच्या बंदीने आमच्याकडे सगळ्यात जास्त कोंडी झाली ती काकांचीच. उलट मतपेटीवरून माणसाचा अंदाज बांधला असता तर त्या दिवशी मी मोठ्या दिरांच्या भरवशावर राहिले असते.

तुम्ही शेवटी लिहिलंय की सख्ख्या भावाकडे तीन वर्षं गेला नाहीत, 'तत्त्वाचा प्रश्न' म्हणून. ते तत्त्व कोणतं, हे लिहिलं नाहीत. तो तुमच्या बायकोला किंवा सुनेला घरात खालचं वागवत असेल तर जाऊ नका, मीही गेले नसते. भांडण नुसतं कुणाला मत दिलं यावरून असेल, तर तीन वर्षं फार झाली. तुमच्या वहिनींनी आणि पुतण्यांनी काय केलंय?

राहता राहिलं तुमचं आव्हान, 'मला बोलवा, तुमच्या काकांशी वाद घालून दाखवतो.' जरूर या. बंदी फक्त पंगतीपुरती आहे. पानं उचलली की काका गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि समोर कुणी बसतंय का याची वाटच बघत असतात. फक्त आकडे पाठ करून या, ते मोबाईल काढून तपासतात.