कापूस वेचायला गेलेल्या मायचं लेकरू

दिवाळीनंतर, वेचणी ऐन भरात असताना, आमच्या गावच्या बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला. वर ‘प्रत्येक आईने वाचलाच पाहिजे’, खाली जोडलेले हात, मध्ये ‘अटॅचमेंट थिअरी सांगते’ असं दोनदा. लिहिणाऱ्याचं नाव नाही. तोच मेसेज मग आमच्या स्टाफरूमच्या ग्रुपवर फिरला, नागपूरच्या मावशीकडूनही आला. त्याचं सार असं: पहिली तीन वर्षं बाळाला फक्त आईनेच सांभाळायचं, आजी-काकूंच्या हाती वाढलेल्याचा बंध कोणाशीच जुळत नाही. कामाला जाणाऱ्या आईचं मूल ‘असुरक्षित’ होतं. आई गेल्यावर रडणारं बाळ असुरक्षित, शांत राहणारं सुरक्षित. रडलं की उचलू नका, सवय लागते. सिझरमध्ये आईजवळचा पहिला तास हुकला की बंधही हुकला. आणि पहिल्या वर्षात बिघडलं ते जन्मात सुधरत नाही.

माझ्या वहिनीने हा मेसेज वाचला आणि दुसऱ्या दिवशी ती वेचणीला गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वेचणीची मजुरी किलोवर असते, घरी बसलेल्या दिवसाचे पैसे कोणी देत नाही. मी रविवारी गावी गेले तेव्हा अकरा महिन्यांचा भाचा तिच्या मांडीवर आणि ती रडवेली. “ताई, पाया कच्चा राह्यला तर?” एवढंच म्हणाली.

मी यवतमाळला अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. ज्या सिद्धांताच्या नावावर हे चाललंय ती अटॅचमेंट थिअरी, म्हणजे बाळाचा जीव कोणावर आणि कसा जडतो, त्या नात्यात त्याला निर्धास्त वाटतं का, हे सांगणारा सिद्धांत, मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, म्हणून हे उत्तर. मेसेजच्या क्रमाने जाणार नाही. वहिनीला जे लागलं ते आधी घेते.

‘फक्त आईच.’ हे जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाच्या नावावर खपवलं जातं. दुसऱ्या महायुद्धानंतर बेघर झालेल्या मुलांबद्दल त्याने जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला, तो 1951 साली निघाला. बाळाला उबदार, जवळचं आणि सलग नातं लागतं, असं त्यात आहे. पण कोणाशी? आईशी, किंवा आईच्या जागी कायम असलेल्या माणसाशी. हा ‘किंवा’ पुढे लोकांनी गाळला. बोल्बीचा भर आईवर होता हे खरंच, आणि त्यावरून त्याला बोलणी खावी लागली तीही रास्त. तरी अनाथालयातल्या मुलांवरचं लिखाण उचलून आजीच्या मांडीवरच्या लेकराला लावायचं, हे त्याच्याही डोक्यात नसेल.

त्याची सहकारी मेरी एन्सवर्थ 1954 मध्ये युगांडात गेली. कंपालाजवळच्या खेड्यांमधल्या 26 घरांत ती महिनोन्‌महिने जात राहिली. घरांत मिळून 28 बाळं. तिथल्या बायकाही आमच्यासारख्याच, घर सांभाळून शेतात राबणाऱ्या. 28 पैकी 16 बाळांची ओढ तिला सुरक्षित वाटली, 7 जणांची असुरक्षित, आणि 5 जणांची ओढ अजून कोणाशी जुळलीच नव्हती. ही पाच बाळं बराच वेळ एकटी ठेवली जायची, हाकेला ओ देणारं कोणी नसायचं. एकटी आणि आजीजवळ, यातला फरक मेसेज लिहिणाऱ्याला कळलेला दिसत नाही. सांभाळायला एकापेक्षा जास्त माणसं असली म्हणून बाळ असुरक्षित होतं, असं एन्सवर्थला आढळलं नाही.

तिला आढळलं ते वेगळंच होतं, आणि मला ते फार आवडतं. आपल्या बाळाबद्दल बारीकसारीक सांगता येणाऱ्या आया होत्या, कधी भूक लागते, कशाला घाबरतो, कोणत्या आवाजाने शांत होतो. त्यांच्या बाळांचा बंध बहुधा सुरक्षित असायचा. ज्यांचं बोलणं बाळापासून सारखं दुसरीकडे घसरायचं, त्यांच्या बाळांचा तसा नसायचा.

हे वाचल्यापासून मी माणसांना विचारत सुटते. त्या रविवारी आईला विचारलं. माझी आई, म्हणजे भाच्याची आजी, बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता बोलली, “त्याले भूक लागली का तो डाव्या कानाले हात लावते. झोप आली का मुठी डोयावर फिरवते. कुकरची शिट्टी झाली का भेते, मंग मी आंधी त्याले उचलतो आन् मंग गॅस बंद करतो. आन् रुसला का पाठ करते. बोलतच नाही.” मग वहिनीला विचारलं, तर तिनेही कान सांगितला, फक्त वर म्हणाली, “डावा नाई आई, उजवा.” दोघींचा वाद दहा मिनिटं चालला. ज्या लेकराच्या कानावरून दोन बायका भांडतात, त्याचा पाया कच्चा आहे असं म्हणायला मी तयार नाही.

शास्त्रज्ञ ज्याला सुरक्षित बंध म्हणतात तो साधारण असा. सहा-सात महिन्यांनंतर बाळ चार माणसांतून आपली दोन-तीन निवडतं. भ्यालं की कोणाच्या पदराआड धावायचं हे ठरून जातं, आणि भीती गेली की पदर सोडून पुन्हा वाटीचमचा वाजवायला जायचं. आपल्याकडे याला ‘जीव लावणं’ म्हणतात. ग्लासगोमध्ये शॅफर आणि एमर्सन या संशोधकांनी 60 बाळांचा पाठपुरावा केला. 1964 साली छापलेल्या त्या अभ्यासात दीड वर्षाच्या वयापर्यंत 87 टक्के बाळांचा जीव एकापेक्षा जास्त माणसांवर जडलेला होता: बाप, आजी, भावंडं. आणि काही बाळांची सगळ्यात जास्त ओढ त्यांना भरवणाऱ्या-धुणाऱ्या बाईवर नव्हतीच, खेळणाऱ्या, बोलणाऱ्या माणसावर होती.

बापावरून आठवलं. पूर्ण मेसेजमध्ये बाप हा शब्द नाही. मी दोनदा शोधला.

‘कामाला जाणाऱ्या आईचं मूल असुरक्षित.’ यावर अमेरिकेत 1991 पासून दहा ठिकाणी तेराशेहून जास्त मुलांवर अभ्यास झाला. पंधरा महिन्यांच्या वयात तपासलं तेव्हा, दुसऱ्याकडे ठेवलं एवढ्यावरून बंध असुरक्षित होत नाही, असंच निघालं. धोका वाढला तो तिथे, जिथे आईचं बाळाकडे लक्ष कमी आणि शिवाय सांभाळ हलका, किंवा तास फार, किंवा सांभाळणारं माणूस सारखं बदलणारं. म्हणजे दोन ओझी एकावर एक. अमेरिकेतलं पाळणाघर आणि आमच्या दारव्हा तालुक्यातली आजी एक नाही, मान्य. पण म्हणूनच त्यांची भीती आमच्या बायकांच्या अंगावर जशीच्या तशी टाकू नये.

खरी अडचण असते ती जिच्याकडे आजी नाही तिची. ती लेकराला वावरात नेते, धुऱ्यावरच्या निंबाला लुगड्याची झोळी बांधते, आणि पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून कमरेची ओटी सावरत दर थोड्या वेळाने मान वर करून पाहते. झोळीजवळ सहा-सात वर्षांची मोठी बहीण बसवलेली असते, आणि तिची शाळा बुडते. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद होती: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली, तर एका बाईला त्यांना सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. कापसाच्या खाजगी वावरात असं कोणी करत नाही. मेसेज लिहिणाऱ्याला लेकरांची एवढी काळजी असेल, तर त्याने वेचणीच्या तीन महिन्यांत गावात लेकरं सांभाळायची सोय करा, हे दहा जणांना पाठवावं.

आता रडण्याचं. ‘आई गेल्यावर रडलं तर असुरक्षित’ हे तर धडधडीत उलटं आहे. एन्सवर्थने पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला एक पद्धत बसवली. अनोळखी खोली, थोडी खेळणी, आई, एक अनोळखी बाई. छोटे छोटे आठ प्रसंग, मिळून साधारण वीस मिनिटं. त्यात आई दोनदा बाहेर जाते आणि परत येते. सगळ्यात जास्त लक्ष परत येण्याकडे दिलं जातं. सुरक्षित बाळ आई गेल्यावर रडेल किंवा रडणारही नाही, पण ती आली की तिच्याकडे झेपावतं, शांत होतं आणि पुन्हा खेळायला लागतं. काही बाळं आई आली तरी तोंड फिरवून खेळण्याशीच चाळा करतात. ही वरून शांत, मेसेजच्या हिशेबात ‘सुरक्षित’. पण त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा आतून ती शांत नसतात असं दिसलं. जवळ गेलं तरी हाकललं जाणार, हे शिकून ती गप्प झालेली असतात. आणि तिसरी, उचल म्हणतात, उचललं की पाय झाडतात, काही केल्या निवत नाहीत. कधी ओ मिळते, कधी नाही, त्यामुळे ती हाक सोडायलाच तयार नसतात.

तेव्हा गप्प बसणारं लेकरू ‘किती शहाणं’ म्हणून कौतुकायचं असेल तर जरा थांबावं.

पण या कसोटीने घरबसल्या कोणाला शिक्का मारू नये, हेही तितकंच खरं. जपानात साप्पोरोला हीच पद्धत वापरली तेव्हा पाय झाडून रडणारी बाळं खूप निघाली. कारण तिथली बाळं त्या वयात आईपासून क्वचितच वेगळी होत, त्यांना ते वीस मिनिटांचं नाटकच असह्य झालं. आमच्या गावात कोणतं लेकरू कधी रिकाम्या खोलीत एकटं बसलंय? आठ देशांतले याच पद्धतीचे 32 अभ्यास 1988 साली एकत्र मांडले गेले, तेव्हा दर शंभरातली साधारण 65 बाळं सुरक्षित गटात आली, आणि देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशाच्या आतला फरक मोठा निघाला.

‘रडलं की उचलू नका.’ एन्सवर्थच्या बाल्टिमोरमधल्या 26 आई-बाळांच्या जोड्यांत सुरुवातीच्या महिन्यांत ज्या आयांनी रडण्याला लवकर ओ दिली, त्यांची बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. 1972 साली हे छापून आलं आणि गाजलं. मात्र पुढे हॉलंडमध्ये तसं स्पष्ट निघालं नाही, आणि 2020 साली 178 बाळांवरच्या अभ्यासात कधीमधी रडू दिल्याने दीड वर्षाच्या वयात बंधावर काही वाईट परिणाम दिसला नाही. म्हणजे ‘उचललं की लाडावतं’ याला आधार नाही, आणि ‘एकदा रडू दिलं की मेंदू जळतो’ म्हणून जो दुसरा मेसेज फिरतो, त्यालाही नाही. चुलीवर भाकर असेल तर पाच मिनिटं रडू द्या. त्याने काही मोडत नाही. आई आणि बाळ यांचे सूर बहुतेक वेळ चुकतच असतात, मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी ते व्हिडिओवर मोजून दाखवलंय. चुकतात आणि पुन्हा जुळतात, त्यातूनच बाळ शिकतं.

सिझरचं दोन ओळींत. जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर ठेवल्याने बाळाला ऊब मिळते, दूध लवकर सुरू होतं, म्हणून शक्य असेल तिथे ठेवावंच. पण ओढ काही तासात बनत नाही, महिन्यांत बनते. दत्तक आयांना विचारा.

‘पहिल्या वर्षात बिघडलं ते कायमचं.’ रुमानियात हुकूमशाही पडल्यावर तिथल्या अनाथालयांतली मुलं जगाने पाहिली. एकेका बाईकडे कितीतरी पाळणे, कोणाचा जीव कोणावर नाही. बुखारेस्टमध्ये 2000 च्या सुमारास 136 मुलांवर अभ्यास सुरू झाला. त्यांतली निम्मी चिठ्ठ्या टाकून निवडली आणि सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवली. घरात आलेल्या मुलांचे बंध सुधारले, दोन वर्षांच्या आत आलेल्यांचे जास्त. तेव्हा लवकर हे महत्त्वाचं आहेच, मी ते नाकारत नाही. पण एवढ्या भयंकर सुरुवातीनंतरही दार बंद झालं नव्हतं. मेसेज ते दार अकरा महिन्यांच्या, भरल्या घरातल्या पोरासाठी बंद करून बसलाय.

उलट ज्याने खरंच बंध विस्कटतो त्याची मेसेजमध्ये एक ओळ नाही. ज्याच्याकडे धावायचं त्याचीच भीती वाटली की बाळाला कुठे जावं कळत नाही. ते पुढे येतं, मध्येच थिजतं, मागे सरतं. मानसशास्त्रज्ञ मेरी मेन यांनी या चौथ्या प्रकाराचं वर्णन केलं. आमच्या भागात ती भीती कुठून येते हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे: दारू पिऊन घरी येणारा माणूस, मारझोड, आणि कर्जाच्या धसक्याने अबोल झालेलं घर. बाळंतपणानंतर मन खचलेली बाई, जिला लेकरू रडतंय हे ऐकू येतं पण उठवत नाही. तिला मेसेज नको, डॉक्टर हवा. आशाताई नवजात बाळाला पाहायला घरी येते तेव्हा तिच्याशी हे बोलता येतं, लाजायचं कारण नाही.

मंगळवारी वहिनी वेचणीला गेली. मी सुट्टी टाकून थांबले होते. ती नाल्यापलीकडे जाईपर्यंत भाचा रडला, मग आजीने त्याच्या हातात लाटणं दिलं. दुपारी त्याने डाव्या कानाला हात लावला आणि आई माझ्याकडे बघून हसली. संध्याकाळी अंगणात चपला वाजल्या तसा तो रांगत उंबरठ्यापर्यंत गेला, आणि वहिनीने हात पुढे केले तेव्हा चक्क पाठ फिरवून बसला.

“रुसला,” आई आतून म्हणाली.

वहिनी त्याच्या मागे खाली बसली, काही बोलली नाही. थोड्या वेळाने तो वळला, तिच्या मांडीवर चढला, आणि तिच्या केसांत अडकलेला कापूस उपटायला लागला.