‘जुनी गाडी आहे, आवाज येणारच’ म्हणणाऱ्यांनो, आधी दरवाजा उघडून बघा

पंधरा वर्षं झालेली गाडी घेऊन गॅरेजात जा आणि सांगा, मागच्या डाव्या दरवाजातून खडखड येते. समोरचा माणूस दरवाजा दोनदा धाडधाड आपटतो, बिजागरीवर स्प्रेचा फवारा मारतो आणि म्हणतो, "साहेब, जुनी गाडी आहे, आवाज येणारच." झालं निदान! वर सल्ला, "विकून टाका." आरटीओ त्याच गाडीची तपासणी करून पुढच्या ५ वर्षांसाठी नोंदणी वाढवून देतं, आणि हा पाच मिनिटांत तिला भंगारात काढतो. डोकं फिरतं ते इथे.

पत्रा वयामुळे वाजत नाही हो! बिजागरीचा बुश (पिनेभोवतीची नळी) झिजतो, रबर चपटं होतं, प्लॅस्टिकची क्लिप तुटते, वेल्ड सुटतो, पत्रा कुजतो, म्हणून गाडी वाजते. यातलं प्रत्येक कारण हाताने आणि कानाने सापडतं. शोधायचं नसेल तर तसं सांगा, वयावर ढकलू नका.

शोधायची पद्धतही अवघड नाही. आधी गाडी रिकामी करा. जॅक, पाना, स्टेपनी, मागचा पार्सल ट्रे, दरवाजाच्या कप्प्यातल्या बाटल्या, सगळं बाहेर. रिकाम्या सीटचे बेल्ट लावून टाका, कारण त्याचं बक्कल पिलरवर, म्हणजे दरवाजांमधल्या उभ्या खांबावर, ठकठक करतं आणि शिव्या दरवाजाला बसतात. मग एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने मागे बसून ऐकायचं. एखाद्या रुंद गतिरोधकावरून ताशी १० किमीच्या आसपास एकदा सरळ जा, दोन्ही चाकं एकदम चढतील अशी. मग त्याच गतिरोधकावर तिरकी घाला, म्हणजे एका वेळी एकच चाक चढेल आणि बॉडीला पीळ बसेल. सरळ जातानाही तेवढाच ठकठकाट असेल तर आधी खाली सस्पेन्शनकडे बघा : स्ट्रट माउंटिंग, लोअर आर्मचे बुश. फक्त तिरकं जाताना खालून ठकठक येत असेल तर सस्पेन्शनचा लिंक रॉड, करकर, कुईकुई येत असेल तर दरवाजा आणि बॉडी. एवढी एक फेरी न मारता लिंक रॉडची जोडी बदलून बिल हातात देणारे आहेत, आणि आवाज तसाच राहिला की परत तेच, "जुनी गाडी."

तिरकं जातानाच मागच्याने दरवाजाचं आतलं हँडल स्वतःकडे घट्ट ओढून धरायचं. आवाज थांबला तर दोष लॉक, आकडा (पिलरवरची कडी, जिच्यात लॉक अडकतं) नाहीतर रबराचा. पॅडवर, म्हणजे दरवाजाच्या आतल्या आवरणावर, तळवा दाबल्यावर थांबला तर पॅडच्या क्लिपा गेल्या. काच अर्धी उतरवल्यावर वाढला आणि पूर्ण चढवल्यावर बंद झाला तर काचेच्या दोन्ही बाजूंचं चॅनेल रबर झिजलंय किंवा काचेची मशीन सैल झाली आहे. या तीन गोष्टींना कसलंही यंत्र लागत नाही. तरीही कुणी करत नाही!

आता उतरलेला दरवाजा. दरवाजा थोडा उघडा, मागची कड खालून धरून वर उचला. खेळ लागला तर दुसऱ्याला बिजागऱ्यांकडे बघायला सांगा. पिन बिजागरीच्या आत हलत असेल तर बुश आणि पिन झिजली. अख्खी बिजागरी पिलरवर हलत असेल तर बोल्ट ढिले आहेत, नाहीतर बोल्टभोवतीचा पत्रा चिरलाय. तिथे रंगावर केसासारखी बारीक गंजाची रेघ दिसते. चालकाचा दरवाजा सगळ्यात जास्त उघडला जातो, उतरताना त्याच्यावरच भार टाकला जातो, त्यामुळे पहिला तोच उतरतो.

यावर बाजारात जो उपाय चालतो तो बघून संताप होतो. बिजागरीला हात न लावता पिलरवरचा आकडा खाली सरकवायचा, म्हणजे उतरलेला दरवाजा उतरलेल्याच जागी लागतो. किंवा आकडा तिथेच ठेवायचा आणि दरवाजा दरवेळी त्यावर चढून बसू द्यायचा. ओळखायचं असेल तर दरवाजा अगदी हळू लावा आणि शेवटच्या इंचात त्याची मागची कड बघा. लॉक लागताना दरवाजा वर उचलला जात असेल तर त्याचं वजन बिजागऱ्यांऐवजी आकड्यावर बसलंय. आकड्याच्या एकाच बाजूला चकचकीत खाच पडलेली असते, बोट फिरवलं की नखाला लागते. लॉकच्या आतलं नायलॉनही तेवढंच खाल्लं गेलेलं असतं. अशा गाडीला नवीन लॉक टाकलं तरी त्याची तीच गत होणार. त्याहून वाईट म्हणजे बिजागरीच्या फटीत लाकडाचा ठोकळा घालून दरवाजा दाबणारे. दरवाजा वर येतो, पण बिजागरी नाहीतर पिलरचा पत्रा वाकवून!

बरोबर क्रम असा. आकडा कुठे आहे त्याची मार्करने रेघ मारा आणि तो चक्क काढून टाका. त्याचे स्क्रू घट्ट बसलेले असतात. हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा, साध्या स्क्रू ड्रायव्हरने डोकी खराब होतात. काही गाड्यांत आतली नटपट्टी सैल असते आणि पिलरमध्ये घसरते, म्हणून आकडा काढला की एक स्क्रू परत लावून ठेवा. आता दरवाजा मोकळा लटकतो आणि खरं काय ते दिसतं. फटी मोजायला ड्रिलच्या बिटांचे मागचे गोल दांडे वापरा. ४ मिमीचा जातो, ५ चा जात नाही, असं चारही बाजूंना बघत जा. पिन-बुश झिजले असतील तर आधी ते बदला. दरवाजाखाली जॅक, त्यावर फळी, फळीवर कापड, आणि एका वेळी एकाच बिजागरीचे बोल्ट ढिले करा. फट सारखी झाली, कड मागच्या पत्र्याशी समतल आली, की मगच आकडा परत लावा आणि एक-एक मिलिमीटर सरकवत जुळवा. आकडा सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की पुढचं सगळं चुकतं.

रबराची तर वेगळीच लूट आहे. मूळ बिडिंग, म्हणजे दरवाजाच्या कडेचं रबर, मऊ, पोकळ आणि त्या दरवाजाच्या मापाचं असतं. मीटरवर मिळणारं कडक बिडिंग लावलं की दरवाजा लागेना. मग मालक आपटायला लागतो. मग कुणीतरी आकडा बाहेर सरकवतं. मग दरवाजा सैल बसतो आणि परत खडखड! पैसे दोनदा गेले, आवाज होता तसा. रबर बदलण्याआधी दहाची नोट दरवाजात अडकवून ओढून बघा, दर वीतभर अंतरावर. सगळीकडे सारखाच ताण लागला पाहिजे. जिथे नोट सुळकन निघते तिथे रबर चपटं आहे किंवा पत्रा आत गेलाय. रबर चांगलं असूनही कुईकुई करत असेल तर ते रंगावर घासतंय : ओल्या कापडाने पुसा, सुकू द्या, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस रबराला लावू नका, रबर फुगतं आणि चिकट होतं. उलट बिजागरी आणि लॉकला पांढरं लिथियम ग्रीस. गंज सोडवायचा तो स्प्रे ही वंगणाची जागा घेणारी वस्तू नाही, चार दिवसांत उडून जातो. आणि दरवाजाच्या कडेला दोन-चार काळी रबरी बटणं असतात, त्यातली गळली असतील तर बसवा. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या गाड्यांचा बारीकसारीक माल मिळतो. ‘पार्ट बंद झाला’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

पॅड उघडलंच तर आत बघून घ्या. लॉकची सळी प्लॅस्टिकच्या क्लिपमध्ये असते. ती क्लिप तुटली की सळी पत्र्यावर टणटण वाजते. स्पीकर लावणाऱ्याने आतला प्लॅस्टिकचा कागद हमखास फाडलेला असतो, त्यातून पाणी पॅडमध्ये येतं आणि पॅडचा पुठ्ठा फुगून क्लिपा सुटतात. कागद नवा लावा. बाहेरच्या पत्र्याला आतून थिनरने पुसून आवाज दाबणारं २ मिमीचं ब्युटाइल शीट रोलरने दाबून चिकटवा. पत्र्याच्या पाव भागाला लावलं तरी पुरतं, अख्खा दरवाजा भरून वजन वाढवू नका. खालची पाणी जायची भोकं मोकळी ठेवा.

हे सगळं करूनही दरवाजा कधी लागतो, कधी अडकतो, तर बॉडी खेळते आहे. मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका यांना वेगळी चासी नसते. पद्मिनी आणि अँबेसेडरलाही नव्हती. बॉडीच चासी. (सुमो, बोलेरोची गोष्ट वेगळी, तिथे बॉडी आणि चासीमधले रबरी माउंट बसलेत का ते बघा.) सगळा पीळ रनिंग बोर्ड (दरवाजांखालची लांब पोकळ पट्टी), पिलर, फ्लोअर आणि छत मिळून सोसतात. तपासायला सपाट जागेवर, एका बाजूच्या पुढच्या जॅक पॉइंटला गाडी उचला आणि त्या बाजूच्या पुढच्या दरवाजाच्या वरच्या मागच्या कोपऱ्यातली फट बघा. थोडाफार फरक कुठल्याही गाडीत पडतो, म्हणून दुसऱ्या बाजूला तेच करून तुलना करा. एकीकडे फट दोन-तीन मिलिमीटरने हलली किंवा दरवाजा अडकायला लागला तर तिथला पत्रा कमजोर आहे. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका.

पुढची काच चिकटवलेली असेल तर तीही बॉडीचा ताठपणा राखते. काच बदलताना पॉलियुरेथेनच्या जागी स्वस्त सिलिकॉन भरणाऱ्यांना हे सांगावं लागतं, हीच शरमेची गोष्ट आहे. मग डॅशबोर्डच्या कोपऱ्यातून करकर सुरू होते आणि अपघातात ती काच जागेवर राहायची खात्री नाही. सीएनजीवाल्यांचंही तेच. पन्नास-साठ किलोची टाकी डिकीच्या फ्लोअरला बसवतात, भोकं पाडतात, भोकांच्या कडांना ना प्रायमर ना सीलर. दोन पावसाळ्यांत तिथे गंज, आणि मागचा दरवाजा बडबडायला लागतो.

पण खरा राग आहे तो रनिंग बोर्डवर. त्याच्या पोटात पाणी जायची भोकं असतात. ती चिखलाने आणि वरून मारलेल्या काळ्या कोटिंगने बुजतात, पाणी आत साचतं, कार्पेटखालचा फोम भिजतो आणि पत्रा आतून कुजतो. कोकणात किनाऱ्यालगत तर खारी हवा मदतीलाच असते. बाहेरून रंग शाबूत! स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खालच्या शिवणीवर जोर देऊन टोचत जा, कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. चुंबक चिकटत नसेल तिथे पत्रा नाही, लांबी म्हणजे पुट्टी आहे. फायबरची जाळी, रेझिन, वर लांबी, वर काळं कोटिंग, आणि बिलावर लिहायचं ‘रनिंग बोर्ड काम’. ज्या भागावर बॉडी उभी आहे तिथे लांबी भरणं ही फसवणूक आहे, आणि बाजूने धडक बसली तर जिवाशी गाठ आहे.

कुजलेला पत्रा कापावाच लागतो. कापण्याआधी दरवाजे जागेवर जुळवून घ्यायचे, दरवाजाच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करून ती बांधून टाकायची, गाडी समपातळीत टेकवायची. हे न करता कापलं की चौकट बसते आणि फटी परत कधीच जुळत नाहीत. सीटा, कार्पेट बाहेर, बॅटरीची तार काढलेली. चांगला पत्रा लागेपर्यंत कापा, २० गेजचा म्हणजे साधारण ०.९ मिमीचा नवीन पत्रा घ्या, सीओटू वेल्डिंगने (कार्बन डायऑक्साइड वायू वापरून तारेने केलेलं विजेचं वेल्डिंग) दीड-दोन सेंटीमीटरचे टाके जागा बदलत घाला. गॅस वेल्डिंगची आच पसरते, पत्रा वाकतो आणि शेजारचा चांगला भाग कमजोर होतो. पितळी झाळणीने तर तिथे जोर धरतच नाही. वर झिंक प्रायमर, शिवणीत सीलर, पोटात मेण, आणि खालची भोकं मोकळी. दरवाजांचं शेवटचं जुळवणं यानंतर.

कोटिंग लागण्याआधी उघडे टाके स्वतः बघायला गॅरेजात जा, फोटो काढा. "कशाला तसदी घेता, संध्याकाळी तयार गाडी न्या" असं जो म्हणेल, त्याला पत्रा कापूच देऊ नका.